एल्युथेरो (त्स-वू-ज्या)

ईशान्य चीन, रशियाचा अतिपूर्व भाग, कोरिया आणि जपानचे होक्काइडो बेट येथील जंगलांत वाढणारे काटेरी झुडूप. शास्त्रीय नाव एल्युथेरोकॉकस सेंटिकोसस, चिनी नाव त्स-वू-ज्या. उंची साधारण दोन-तीन मीटर, पानाला बहुधा पाच पर्णिका, पिकलेली फळे काळी. शक्तिवर्धक मुळीसाठी प्रसिद्ध असलेल्या जिनसेंगच्याच कुळातले असल्याने ते ‘सायबेरियन जिनसेंग’ या नावाने खपले. मात्र जिनसेंगमधील जिनसेनोसाइड ही द्रव्ये त्यात नसतात. अमेरिकेत २००२च्या कायद्याने हे नाव वापरण्यास मनाई झाली, आणि ते योग्यच झाले.

चिनी वैद्यकात मुळे व खोड वापरतात. औषध उष्ण गुणाचे मानले जाते. प्लीहा व मूत्रपिंडांची ‘छी’ (प्राणशक्ती) उणी पडल्याने येणारा अशक्तपणा, मंदावलेली भूक, कंबर-गुडघेदुखी, स्वप्नांनी मोडणारी झोप यांवर त्याचा काढा देतात.

ताण सोसण्याची शरीराची क्षमता वाढवणाऱ्या द्रव्याला ‘ॲडॅप्टोजेन’ म्हणतात. ही कल्पना सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय लाझारेव्ह यांनी १९४७ मध्ये मांडली. दुर्मीळ जिनसेंगला पर्याय शोधताना व्लादिवोस्तोकचे इस्राएल ब्रेखमान या झुडपाकडे वळले आणि त्याची कीर्ती जगभर गेली. खेळाडूंचा दमसास वाढतो हा दावा मात्र नंतरच्या काटेकोर चाचण्यांत टिकला नाही. थकव्यावरील उपयोगाचा आधारही मुख्यतः परंपरेचाच आहे.

सुरक्षिततेचा खरा प्रश्न पुडीत नेमके काय आहे, हा. पेरिप्लोका सेपियम या वेगळ्याच वनस्पतीची साल चीनमध्ये मिळत्याजुळत्या नावाने विकली जाते आणि तिच्यात हृदयावर तीव्र परिणाम करणारी ग्लायकोसाइडे असतात. १९९०च्या सुमारास कॅनडात एका नवजात बाळाच्या अंगावरील दाट केसांचा दोष आईने घेतलेल्या ‘सायबेरियन जिनसेंग’वर आला, तपासात माल पेरिप्लोकाचा निघाला. १९९६ मध्ये तिथेच एका वृद्धाच्या रक्तातील डिगॉक्सिन या हृदयविकारावरील औषधाची पातळी वाढलेली आढळली, तेव्हाही हीच शंका पुढे आली. डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी म्हणूनच एल्युथेरो टाळावे.

शुद्ध एल्युथेरो बहुतेकांना सोसते. काहींना निद्रानाश, चिडचिड, धडधड किंवा डोकेदुखी होते. युरोपीय औषध संस्थेच्या मार्गदर्शनानुसार रोजची मात्रा ०.५ ते ४ ग्रॅम वाळलेल्या मुळाएवढी असावी, सलग दोन महिन्यांपेक्षा जास्त घेऊ नये. उच्च रक्तदाब असलेल्यांना ते वर्ज्य आहे. बारा वर्षांखालील मुले, गर्भवती व स्तनदा माता यांनाही देऊ नये. चीनमध्ये त्याचे शिरेतून द्यायचे इंजेक्शनही निघाले. २००८ मध्ये युन्नान प्रांतात जंतुदूषित इंजेक्शनांमुळे तीन रुग्ण दगावले.