नोराच्या आधीची लॉरा

नॉर्वेजियन नाटककार हेन्रिक इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकाचं नाव निघालं की बोलणं फिरून फिरून त्या दारापाशी येतं. नवरा आणि तीन मुलं मागे ठेवून नोरा घराबाहेर पडते आणि खालच्या मजल्यावरून दार बंद झाल्याचा आवाज येतो. २१ डिसेंबर १८७९ रोजी कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये तो पहिल्यांदा ऐकू आला. पण नोराची गोष्ट त्याआधीच एका खऱ्या बाईच्या वाट्याला आली होती, आणि तिला असं दार लावून निघून जाता आलं नव्हतं.

तिचं नाव लॉरा कीलर. ती लेखिका होती, इब्सेनच्या ओळखीतली. नवऱ्याला, व्हिक्टरला, क्षय झाला. त्याला इटलीच्या उबदार हवेत नेण्यासाठी तिने त्याच्या नकळत कर्ज काढलं. नवरा बरा झाला, कर्ज मात्र मानगुटीवर बसलं. १८७८ मध्ये तिने आपलं हस्तलिखित इब्सेनकडे पाठवलं. त्याने प्रकाशकाकडे शब्द टाकावा, एवढीच विनंती. इब्सेनला लेखन पसंत पडलं नाही. सगळं नवऱ्याला सांगून टाक, असा सल्ला त्याने दिला. लॉराने हस्तलिखित जाळलं आणि पैशांसाठी खोटा दस्तऐवज केला. प्रकरण उघडकीला आल्यावर नवऱ्याने तिला मुलांपासून तोडलं, आणि तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. महिन्याभराने ती सुटली आणि मुलांसाठी विनवण्या करून त्याच घरात परतली.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात इब्सेन रोममध्ये नव्या नाटकाची टिपणं लिहीत होता: कायदा पुरुषांनी केलेला, न्यायनिवाडा पुरुषाच्या नजरेतून, त्यात बाई कशी तग धरणार? पुढच्या फेब्रुवारीत त्याने रोममधल्या स्कँडिनेव्हियन मंडळात स्त्री सभासदांना मताचा हक्क द्यावा, असा ठराव मांडला. एक मत कमी पडलं, तेव्हा तो भयंकर संतापला. नाटक त्याने उन्हाळ्यात अमाल्फीत पूर्ण केलं.

या नाटकातला मला सगळ्यात बोचणारा तपशील म्हणजे एक तारीख. नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज काढता येत नसे, म्हणून नोरा जामीन म्हणून वडिलांची सही स्वतःच ठोकते. वडील वारले २९ सप्टेंबरला आणि सहीखाली तारीख २ ऑक्टोबर! सावकार क्रोगस्टाड नेमकं तेवढंच बोट ठेवून दाखवतो. मरणाऱ्या बापाला त्रास नको आणि आजारी नवरा वाचावा, एवढाच तिचा हेतू. पण कायद्याला हेतूशी देणंघेणं नाही. पुढे सगळं उघड करणारं क्रोगस्टाडचं पत्र घरच्या पत्रपेटीत पडतं. ते नोराला दिसतं, पण किल्ली असते फक्त नवऱ्याकडे. त्या घरात तिची सत्ता किती, हे एवढ्या एका पेटीतून कळतं.

गुपित, पत्र, उघडकीला येण्याची भीती ही सगळी हत्यारं जुनीच. फ्रेंच नाटककार स्क्रीबच्या घट्ट बांधणीच्या नाटकांतली. बर्गनच्या रंगभूमीवर उमेदवारी करताना ती नाटकं बसवून बसवून इब्सेनला त्यांची नस सापडली होती. तशा नाटकात गुपित फुटलं, संकट टळलं की समेट आणि पडदा. इथे संकट टळतं, नोराचा नवरा हेल्मर ‘क्षमा’ करून मोकळाही होतो, आणि नोरा त्याला समोर बसवून म्हणते, आता बोलू. आठ वर्षांच्या संसारात दोघं पहिल्यांदाच गंभीरपणे बोलतात. माझ्या मते आधुनिक नाटक खरं तर या टेबलापाशी सुरू होतं, दार नंतरचं.

तो शेवट जर्मनीत पचला नाही. आपण मुलांना कधीच सोडणार नाही, म्हणून नटी हेडविग नीमान-राबे अडून बसली. तिथे नाटककाराला कायद्याचं संरक्षण नव्हतं; कुणीही शेवट बदलला असता. म्हणून इब्सेनने स्वतःच दुसरा शेवट लिहून दिला, ज्यात नोरा झोपलेल्या मुलांच्या दाराशी कोसळते आणि थांबते. हा नाटकावरचा रानटी अत्याचार आहे, असं त्याने जाहीरपणे म्हटलं.

मराठीत अनंत काणेकरांनी या नाटकाचं ‘घरकुल’ केलं. लॉरा कीलर मात्र १९३२ पर्यंत जगली. लिहीत राहिली, पुस्तकं छापून आली, तरी लोक तिला ‘खरी नोरा’ म्हणूनच ओळखत. तिला ते कधीच रुचलं नाही.