स्वयंचलित वैमानिक (लहान विमानांतील) : बिघाड व दोषशोधन

विमानाचा कल, दिशा आणि उंची वैमानिकाच्या हाताविना राखणारी यंत्रणा. ‘स्वयंचलित वैमानिक’ हा शब्द मराठीत असला, तरी हँगरमध्ये आणि कॉकपिटमध्ये सगळे तिला ऑटोपायलटच म्हणतात. या नोंदीतही तोच शब्द वापरला आहे. एका इंजिनाच्या खाजगी विमानात ही यंत्रणा बहुधा एका किंवा दोन अक्षांपुरती असते : पंख समतल राखणारा रोल आणि नाकाचा चढउतार सांभाळणारा पिच.

ऑटोपायलटच्या जनकत्वाचा मान कोणाला द्यावा, याबाबत मतभेद आहेत. जायरोने (वेगाने फिरत राहून आपली दिशा न सोडणाऱ्या चक्राने) विमानाचा तोल राखण्याची कल्पना हायरम मॅक्सिम यांनी साधारण १८९० च्या सुमारास मांडल्याचे सांगतात. ती प्रत्यक्ष उड्डाणापर्यंत पोचली नाही. राइट बंधूंनी लंबक आणि वाऱ्याने हलणारे पाते यांवर चालणाऱ्या स्थिरकाच्या पेटंटसाठी १९०८ मध्ये अर्ज केला. ते १९१३ मध्ये मिळाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ऑर्व्हिल यांनी डेटनजवळच्या हफमन प्रेअरी मैदानावर हात सोडून विमान फिरवून दाखवले. त्याबद्दल त्यांना कॉलिअर चषक मिळाला. पाठोपाठ १८ जून १९१४ रोजी लॉरेन्स स्पेरी यांनी पॅरिसजवळ बझाँ येथे, सीन नदीवरून कर्टिस उडती बोट नेताना दोन्ही हात वर केले. त्यांचा मेकॅनिक एमिल काशँ तेव्हा पंखावर चालत गेला होता आणि त्याच्या वजनाने झुकू पाहणारे विमान लॉरेन्स यांचे वडील एल्मर स्पेरी यांच्या जायरोंनी समतल ठेवले. काळाच्या हिशेबाने राइट पुढे ठरतात. मात्र वळणात लंबकावर केंद्रोत्सारी ओढ पडते आणि त्याला खरी उभी रेषा कळत नाही. जायरो ती धरून ठेवतो. त्यामुळे आजच्या ऑटोपायलटचा वंश स्पेरींपासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

या वादातला तांत्रिक मुद्दा दोषशोधनालाही लागू पडतो. ऑटोपायलटला आकाश दिसत नाही; संवेदक सांगेल तेच त्याला खरे वाटते. वायली पोस्ट यांनी जुलै १९३३ मध्ये लॉकहीड व्हेगा जातीच्या ‘विनी मे’ विमानातून ७ दिवस १८ तास ४९ मिनिटांत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती स्पेरी ऑटोपायलटच्या आधारावर. त्यांनाही वाटेत त्याच्या दुरुस्तीसाठी खाली उतरावे लागले होते.

लहान विमानांत दोन घराणी रूढ झाली. एक घराणे कृत्रिम क्षितिजाच्या, म्हणजे विमान किती झुकले ते दाखवणाऱ्या उपकरणाच्या, जायरोवरून कल घेते. सेंच्युरी कंपनीचे अनेक संच या प्रकारचे. दुसरे घराणे टर्न कोऑर्डिनेटरच्या, म्हणजे वळण दाखवणाऱ्या उपकरणाच्या, तिरक्या बसवलेल्या विद्युत जायरोवरून वळण्याचा वेग घेते. एस-टेक कंपनीचे संच आणि सेस्ना १७२ विमानात पुष्कळ आढळणारा केएपी १४० हा संच या गटातले. पहिले घराणे खडबडीत हवेत अधिक सफाईने उडते, असा त्याच्या पुरस्कर्त्यांचा दावा आहे आणि तो बव्हंशी खरा आहे. पण ते क्षितिज व्हॅक्यूमवर, म्हणजे पंपाने हवा ओढून, चालत असेल आणि त्या पंपाची कार्बन पाती तुटली, तर जायरो हळूहळू मंदावतो, क्षितिज सावकाश कलंडते आणि ऑटोपायलट विमानाला निमूटपणे त्याच बाजूला नेतो. ढगात हे लक्षात येणे फार अवघड असते. एकट्याने ढगातून उडणाऱ्यासाठी दुसरे घराणे अधिक भरवशाचे म्हणावे लागते. मूनी विमानांतली १९६० च्या दशकातली पंख समतल ठेवणारी यंत्रणा तर संपूर्ण व्हॅक्यूमवर चाले आणि कायम चालू असे. वळायचे असेल तेव्हा सुकाणूवरचे (हातातल्या योकवरचे) बटण अंगठ्याने दाबून धरावे लागे. पुष्कळ मालकांनी त्यावर रबरबँड चढवून ती कायमची गप्प केली होती.

दोष शोधताना आधी संगणकाची पेटी काढून कार्यशाळेत पाठवण्याची घाई होते. ही घाई महागात पडते, कारण पेटी टेबलावर निर्दोष निघते आणि विमान पुन्हा तसेच डोलते. आधी अक्ष ठरवावा, मग मोड, म्हणजे ऑटोपायलटला नेमून दिलेले काम. ठरवलेली दिशा धरणाऱ्या हेडिंग मोडमध्ये विमान सरळ जाते पण रेडिओ किंवा जीपीएसचा मार्ग धरणाऱ्या नॅव्ह मोडमध्ये नागमोडी जाते, तर सर्व्हो (नियंत्रणे हलवणारी मोटर) आणि केबल ठीक आहेत. दोष रेडिओ किंवा जीपीएसकडून येणाऱ्या संकेतात शोधावा. दोन्ही मोडमध्ये पंख डोलत असतील, तर खाली सर्व्होकडे जावे.

तिथे बहुतेक वेळा ब्रायडल केबल सापडते. ही बारीक पोलादी केबल सर्व्होच्या कॅपस्टनवर, म्हणजे छोट्या चक्रीवर, गुंडाळलेली असून तिची टोके मुख्य नियंत्रण केबलला पकडींनी जोडलेली असतात. ती सैल असली, की चक्री थोडी फिरेपर्यंत एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती झडप) हलतच नाही. मग तो उशिरा आणि जास्त हलतो, आणि पंख डावी-उजवीकडे झुलू लागतात. विमानाचे ॲल्युमिनियमचे धड पोलादी केबलपेक्षा थंडीत जास्त आकसते. त्यामुळे हँगरच्या उबेत टेन्शनोमीटरवर (ताण मोजणाऱ्या उपकरणावर) बरोबर दिसणारा ताण उंचावरच्या गारठ्यात उतरतो. जमिनीवर कधीच न सापडणाऱ्या दोषामागे हे साधे कारण असू शकते. आधी मुख्य केबलचा ताण, मग ब्रायडलचा, हा क्रम उलटला तर काम दोनदा करावे लागते.

उंची राखताना नाक वर-खाली होत राहणे, याला वैमानिक ‘पॉर्पॉइझिंग’ म्हणतात. इथे पिच सर्व्होच्या केबलबरोबर स्टॅटिक नळीही, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब उपकरणांना पोचवणारी नळी, तपासावी. उंचीचा संवेदक तिलाच जोडलेला असतो. नळीत अडकलेला पाण्याचा थेंबही पुरतो. अमेरिकन मानकानुसार, केबिनमध्ये कृत्रिम दाब नसलेल्या विमानात नळीत १,००० फूट उंचीइतका दाबाचा फरक निर्माण केल्यावर मिनिटाला १०० फुटांहून अधिक गळती चालत नाही.

ऑटोपायलट मुळात जोडलाच जात नसेल, तर ब्रेकर (वीजप्रवाह तोडणारी कळ), बॅटरीचा दाब आणि जायरोचा वेग पाहावा. एस-टेकच्या अनेक संचांत जायरो पुरेशा वेगाने फिरेपर्यंत ‘रेडी’चा दिवा लागत नाही, केएपी १४० सुरू होताच स्वतःची चाचणी घेतो. एकाच बाजूला सावकाश सरकणे हा पुष्कळदा ऑटोपायलटचा दोष नसतोच : दिशादर्शक जायरो भरकटतो किंवा एलेरॉनची जुळणी बिघडलेली असते. ऑटोपायलट बंद करून, हात सोडून विमान कुठे झुकते ते पाहिले, की पाच मिनिटांत उलगडा होतो.

ट्रिमचा, म्हणजे सुकाणूवरचा भार हलका करणाऱ्या यंत्रणेचा, बिघाड मात्र वेगळ्या गांभीर्याचा. विद्युत ट्रिम आपोआप पळू लागला, तर सुकाणूवरचे तांबडे बटण दाबून धरावे आणि ब्रेकर ओढावा. त्याचे कारण जमिनीवर शोधावे. उड्डाणापूर्वी ऑटोपायलट जोडून सुकाणू हाताने फिरवून पाहण्याची चाचणी, म्हणजे सर्व्होच्या क्लचवर हाताच्या जोराने मात करता येते का हे पाहणे, कधीही टाळू नये.

लॉगबुकात ‘ऑटोपायलट चालत नाही’ एवढेच लिहिले, तर इंजिनिअरच्या हाती काही लागत नाही. मोड, वेग, उंची, बाहेरचे तापमान, डोलण्याची दिशा आणि एका हेलकाव्याला लागणारे सेकंद लिहिले, तर निम्मे काम तिथेच होते.

अमेरिकेत वैमानिक-मालकाला काही किरकोळ देखभाल स्वतः करता येते. पॅनेलवरचे रेडिओ काढून बसवण्याचीही मुभा आहे, पण त्या नियमातून ऑटोपायलट नाव घेऊन वगळला आहे. भारतात हे काम परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याचे. नव्या डिजिटल संचांत फिरता जायरो जाऊन घन-अवस्थेतील संवेदक आले, त्यामुळे दोन घराण्यांचा वाद मागे पडत चालला आहे; सर्व्हो, केबल आणि स्टॅटिक नळ्या मात्र तिथेही आहेत.