माणिक आणि नीलम, एकाच कुरुंदाची भावंडं

पुढच्या महिन्यात माझ्या भाचीचा साखरपुडा आहे. दुकानातली तयार जोडी घ्यायची नाही, ओळखीच्या सोनाराकडून एकसारख्या दोन अंगठ्या हातानं घडवून घ्यायच्या, असं दोघांनी ठरवलं. सोनं तेच, घडण तीच, कोंदणही तसंच. फरक फक्त खड्याचा. तिच्या अंगठीत माणिक आणि त्याच्या अंगठीत नीलम. मग घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी हरकत घेतली. माणिक रवीचं, नीलम शनीचा. बापलेक असले तरी दोघांचं वैर, मग हे खडे एका घरात कसे नांदणार? भाचीचा लगेच फोन, "मावशी, तूच सांग ना त्यांना काहीतरी."

मी सांगितलं ते असं. माणिक आणि नीलम ही दोन वेगळी खनिजं नाहीतच. दोन्ही कुरुंद. धार लावायच्या चाकात असतो तोच. अ‍ॅल्युमिनिअमचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन, बस. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दसुद्धा दक्षिण भारतातूनच तिकडे गेलेला आहे. शुद्ध कुरुंद काचेसारखा रंगहीन असतो. त्याला रंग चढतो तो किंचितशा भेसळीमुळे, आणि ही भेसळ काम कसं करते ते समजून घेण्यासारखं आहे.

कुरुंदात अ‍ॅल्युमिनिअमच्या प्रत्येक आयनाभोवती, म्हणजे विद्युतभारित अणूभोवती, ऑक्सिजनचे सहा आयन दाटीवाटीनं बसलेले असतात. माणकात शंभरातल्या साधारण एखाद्या जागी अ‍ॅल्युमिनिअमऐवजी क्रोमिअम येऊन बसतं. क्रोमिअमचा आयन अंगानं थोडा मोठा, त्यामुळे त्याला ती जागा अपुरी पडते. त्याच्या बाहेरच्या तीन इलेक्ट्रॉनांना भोवतालच्या ऑक्सिजनांचा ऋणभार चहूकडून रेटत असतो. एरवी हे इलेक्ट्रॉन ज्या पाच कक्षकांमध्ये, म्हणजे अणूतल्या त्यांच्या ठरलेल्या जागांमध्ये, राहू शकतात त्यांची ऊर्जा सारखीच असते. या रेट्यामुळे त्यांच्यात वरची आणि खालची अशी पायरी पडते. जेवढा रेटा जास्त, तेवढी पायरी उंच. प्रकाशाच्या ज्या कणाची ऊर्जा या पायरीएवढी असेल तो गिळला जातो आणि इलेक्ट्रॉन वर चढतो. माणकात ४१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा जांभळा आणि ५५० च्या आसपासचा हिरवा-पिवळा प्रकाश असा गिळला जातो. उरतो तो लाल, आणि थोडी निळी झाक.

आता हेच क्रोमिअम बेरिल नावाच्या खनिजात बसवा. तिथेही भोवती सहा ऑक्सिजनच, पण रेटा जरा कमी. पायरी किंचित ठेंगणी होते आणि गिळले जाणारे पट्टे ४३० आणि ६०० नॅनोमीटरकडे सरकतात. नारिंगी-लाल भाग कापला जातो, हिरवा सुटतो. तो खडा म्हणजे पाचू! तोच धातू, तेवढेच इलेक्ट्रॉन, फक्त शेजाऱ्यांचा रेटा थोडा सैल झाला आणि लालाचा हिरवा झाला. हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

नीलमाची रीत निराळी. तिथे क्रोमिअम नाही, लोह आणि टायटॅनिअम आहे, तेही टक्क्याच्या काही शतांशांइतकं. हे दोघे जवळजवळच्या जागांवर आले, की प्रकाशाच्या धक्क्यानं लोहाचा एक इलेक्ट्रॉन टायटॅनिअमकडे उडी मारतो. या उडीसाठी ५८० नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश खर्ची पडतो, म्हणून खडा निळा दिसतो. गडद निळ्यासाठी ही जोडी जमावी लागते, एकट्यादुकट्याचं ते काम नाही.

यात रवी आणि शनी कुठे येतात? कुठेच नाही. १९०२ साली ओग्युस्त व्हर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ज्योतीत पूड वितळवून माणिक बनवण्याची रीत जाहीर केली. नीलमही तसाच बनतो. रचना तीच, काठिण्य तेच, ९. खडा 'लाभतो' की नाही या धास्तीपायी लोक कर्ज काढून नीलम घेतात, आणि कुणी तो रात्रभर उशाखाली ठेवून स्वप्नांची वाट बघतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. पैसे द्यायचेच असतील तर ते रंगाचे द्या, आणि प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागून घ्या. बाजारातले बहुतेक माणिक-नीलम रंग खुलवण्यासाठी तापवलेले असतात. त्यात गैर काही नाही, पण ते ग्राहकाला सांगायला हवं.

परवा आम्ही सोनाराकडे गेलो. सोनं १८ कॅरेटचं, म्हणजे ७५ टक्के शुद्ध. २२ कॅरेटचं मऊ पडतं, खडा धरणाऱ्या नख्या लवकर झिजतात. त्यानं दोन्ही अंगठ्यांचे जोड टाकणखार लावून झाळून घेतले होते, खडे मात्र पुडीतच होते. टाकणखार तापला की कुरुंदाचाही पृष्ठभाग खातो, म्हणून जडवायचं काम सगळ्यात शेवटी. झिलई झाल्यावर त्यानं माणिक कोंदणात टेकवलं आणि एकेक नखी अंगठ्याच्या जोरानं हळूहळू आत वळवली. एका नखीवरून लगेच समोरच्या नखीवर, म्हणजे खडा एका बाजूला कलत नाही.

दोन्ही खडे बसल्यावर मी पर्समधला अतिनील टॉर्च काढला, नोटा तपासायला वापरतात तसला. दुकानातला दिवा बंद केला. माणिक निखाऱ्यासारखं पेटलं, कारण वर चढलेले इलेक्ट्रॉन उतरताना ६९४ नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडतात. १९६० साली थिओडोर मेमन यांनी जगातला पहिला लेसर माणकाच्या याच प्रकाशातून साधला. अर्थात, एवढ्यावरून खडा खाणीतला की भट्टीतला ते कळत नाही, भट्टीतलं माणिकही झगझगीत उजळतं.

शेजारचा नीलम काळाच राहिला. भाचीला वाटलं टॉर्चच नीट धरला नाही, म्हणून तिनं तो स्वतःच्या हातात घेऊन जवळ नेला. तरी काळाच. त्यातलं लोह मिळालेली ऊर्जा उष्णतेत जिरवून टाकतं, प्रकाश बाहेर पडूच देत नाही.