लिंबाची बॅटरी

लिंबाची बॅटरी म्हणजे लिंबात एक जस्ताचा आणि एक तांब्याचा तुकडा खोचून केलेला साधा सेल. सांगली-साताऱ्याकडं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पोरं हा प्रयोग हमखास मांडतात, पण पाटीवर 'लिंबातून वीज' लिहितात ते चुकीचं आहे. वीज येते जस्त झिजतं त्यातून. जस्ताचे अणू इलेक्ट्रॉन सोडून रसात उतरतात, ते इलेक्ट्रॉन वायरमधून फिरून तांब्याकडं जातात, तिथं आंबट रसातले हायड्रोजन आयन ते घेतात आणि हायड्रोजन वायू तयार होतो. दुसऱ्या दिवशी जस्ताचा मुलामा असलेला खिळा उपसून बघा, रसात बुडालेला भाग काळपट पडलेला असतो आणि वरची चकाकी तशीच असते.

व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञानं १८०० साली हेच केलं, फक्त लिंबाच्या जागी मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा होता.

जस्तासाठी पत्र्याला मारतात तो मुलामा दिलेला खिळा चालतो. तांब्याची तार तासगाव-मिरजेकडं पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्यांकडं सहज मिळते, पण तिच्यावर इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा पातळ लेप, असतं आणि ते दिसत नाही, तार तांब्यासारखीच चमकते, त्यामुळं सगळं बरोबर जोडूनही मीटर शून्य दाखवतो आणि पोरं लिंबं बदलत बसतात. तारेची दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं चांगली घासली की काम होतं. लिंबू आधी तळव्याखाली दाबून लोळवायचं, म्हणजे आत रस मोकळा होतो.

एका लिंबाला साधारण ०.९ ते १ व्होल्ट मिळतो. लाल एलईडीला १.८ च्या आसपास लागतो म्हणून तीन-चार लिंबं सिरीजमध्ये जोडायची, एकाचं तांबं दुसऱ्याच्या जस्ताला, आणि एलईडीचा लांब पाय तांब्याकडं. उजेड मंद असतो, अंधाऱ्या खोलीतच नीट दिसतो, कारण करंट जेमतेम मिलिअँपिअरच्या घरातला असतो. टॉर्चचा जुना बल्ब यावर पेटत नाही, कितीही लिंबं सिरीजमध्ये लावा.

आपल्याकडच्या द्राक्षातही व्होल्टेज जवळपास तेवढंच येतं, कारण ते मुख्यतः धातूंच्या जोडीवर ठरतं, फक्त मणी एवढासा असतो की खिळा आणि तार आत एकमेकांना टेकतात आणि शॉर्ट होतं. बटाटाही चालतो, आणि उकडलेला कच्च्यापेक्षा चांगला, कारण उकडल्यावर त्याचा आतला रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो.

वापरलेल्या लिंबाचं सरबत मात्र करू नका, त्यात जस्त उतरलेलं असतं.