मोशन कंट्रोलने खेळायची महारोबोटांची लढाई

खेळाडूच्या हातापायांच्या, धडाच्या किंवा डोक्याच्या हालचाली टिपून पडद्यावरचा अवाढव्य यंत्रमानव चालवण्याचा आणि लढवण्याचा व्हिडिओ गेमचा प्रकार. अशा यंत्रमानवाला या खेळांचे चाहते ‘मेका’ म्हणतात. खेळाडूचे शरीर यात दोन तऱ्हांनी वापरले जाते. एका तऱ्हेत ते थेट यंत्रमानवाचे शरीर होते : आपण ठोसा मारला की तो मारतो. दुसऱ्या तऱ्हेत ते चालकाचे शरीर राहते : आपण हवेत हात पुढे करतो आणि पडद्यावरचा चालक कॉकपिटमधला लिव्हर ओढतो. दोन्हींपुढची खरी अडचण एकच आहे, ती म्हणजे वजनाची. कित्येक टनांचे धूड हलवल्याचा भास रिकाम्या हाताला कसा द्यायचा?

ही दुहेरी कल्पना जपानी चित्रकथांतून आली. मित्सुतेरू योकोयामा यांच्या 1956 साली सुरू झालेल्या ‘तेत्सुजिन 28’ या चित्रकथेत एक मुलगा बाहेर उभा राहून रिमोटने लोखंडी महारोबोट चालवतो. 1972 साली गो नागाई यांनी ‘माझिंगर झेड’मध्ये चालकाला रोबोटच्या डोक्यातच नेऊन बसवले आणि कॉकपिट ही या कथांची मध्यवर्ती जागा झाली. योकोयामांचे नाव मराठी वाचकाला अनोळखी वाटेल, पण त्यांच्याच कल्पनेतला ‘जायंट रोबोट’ 1980 च्या दशकात दूरदर्शनवर आला होता. मनगटावरच्या घड्याळात बोलून रोबोटला हुकूम देणारा तो मुलगा त्या पिढीला अजून आठवतो.

हालचाल टिपणारी साधने येण्याआधी वजनाचा प्रश्न नियंत्रकातूनच, म्हणजे बटणे आणि दांड्यांच्या साधनातूनच, सोडवला जाई. त्याचा सर्वांत टोकाचा आणि आजही सर्वांत समाधान देणारा नमुना म्हणजे कॅपकॉम या जपानी गेम कंपनीने 2002 साली मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्स या गेम खेळायच्या यंत्रासाठी काढलेला ‘स्टील बटालियन’. त्याच्यासोबत टेबलभर पसरणारा खास नियंत्रक मिळे : सुमारे 40 बटणे व खटके, दोन दांडे आणि पायाखाली तीन पेडल. अमेरिकेत या संचाची किंमत 200 डॉलर होती. यंत्र सुरू करायचे तर ठरावीक क्रमाने खटके वर करावे लागत. यंत्र नष्ट होण्याआधी चालकाला बाहेर फेकणारे बटण प्लास्टिकच्या झाकणाखाली असे; ते वेळेत दाबले नाही तर चालक मरे आणि खेळाची साठवलेली प्रगतीही पुसली जाई. त्या झाकणाकडे जाणाऱ्या हाताला यंत्राचे वजन कळत असे, कारण तिथे हाताला लागणारी खरी वस्तू होती.

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर 2010 मध्ये एक्सबॉक्स 360 या पुढच्या यंत्रासाठी किनेक्ट हे शरीराच्या हालचाली टिपणारे उपकरण आणले तेव्हा नियंत्रकच नाहीसा होऊ शकेल असे वाटू लागले. किनेक्ट खोलीत अवरक्त ठिपक्यांचे जाळे टाकते. ते ठिपके कुठे कसे सरकले हे एक कॅमेरा पाहतो आणि त्यावरून प्रत्येक बिंदूचे अंतर काढले जाते. या अंतराच्या चित्रातून संगणक शरीराचे 20 सांधे ओळखतो, तेही सेकंदाला 30 वेळा. उभ्या राहून नाचणाऱ्या माणसासाठी हे उत्तम चालते.

जून 2012 मध्ये आलेला ‘स्टील बटालियन : हेवी आर्मर’ मात्र बसून खेळायचा होता. तो फ्रॉमसॉफ्टवेअर या स्टुडिओने घडवला आणि कॅपकॉमने प्रकाशित केला. कथा 2082 सालातली आहे. संगणकाच्या चिप निकामी करणाऱ्या सूक्ष्मजीवामुळे जग दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या तंत्रावर परत गेले आहे, आणि युद्ध आता ‘व्हर्टिकल टँक’ म्हणजे दोन पायांवर चालणारे रणगाडे लढतात. आत दाटीवाटीने बसलेले सैनिक, पत्र्याची खिडकी, पेरिस्कोप, धूर बाहेर काढण्याची सोय असे सगळे आहे. चालणे आणि गोळीबार नेहमीच्या नियंत्रकावर, बाकी सारे हाताच्या हालचालीने. दोन्ही हात पुढे नेले की चालक फटीला डोळे लावतो. खुर्चीतून उठले की तो झडपेतून डोके बाहेर काढतो आणि कपाळाशी हात नेल्यावर दुर्बीण लावतो. घाबरलेल्या साथीदाराला धरून सावरण्यासाठीही हातच पुढे करावा लागतो.

कल्पना म्हणून या प्रकारात याहून चांगले क्वचितच कोणी काही सुचवले असेल. प्रत्यक्षात खेळ कोसळला आणि बहुतेक समीक्षकांनी त्याला फार कमी गुण दिले. बसलेल्या माणसाचे पाय आणि मांड्या एकमेकांत मिसळून दिसतात, छातीसमोर आणलेला हात धडात हरवतो, आणि सरळ पुढे केलेला हात म्हणजे कॅमेऱ्याकडेच येणारा हात, ज्याची लांबी नीट मोजणे किनेक्टला सर्वांत अवघड. त्यातच एकमेकांजवळच्या दोन क्रियांसाठी जवळजवळ सारखीच हालचाल ठेवलेली. खिडकीतून पाहायला जावे तर तिची झडप बंद होई आणि बाहेरून तोफगोळे येत राहत. खऱ्या लिव्हरला चुकून हात लागला तर तो बोटांना लगेच कळतो; हवेतल्या लिव्हरची चूक पडद्यावर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. हा दोष खेळाडूंच्या कौशल्याचा नव्हता. किनेक्टचे उत्पादन 2017 साली थांबले, आणि हा खेळ आजही मुळाप्रमाणे खेळायचा तर जुने एक्सबॉक्स 360 आणि किनेक्ट दोन्ही लागतात.

निंटेंडो या जपानी गेम कंपनीने दुसरी वाट धरली. 2014 च्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात तिचे गेम-रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी ‘प्रोजेक्ट जायंट रोबोट’ दाखवला होता. त्यात वी-यू या निंटेंडोच्या यंत्राचा गेमपॅड, म्हणजे पडदा असलेला नियंत्रक, तिरका केला की रोबोटचे धड झुके. तो विक्रीला कधीच आला नाही. एप्रिल 2018 मध्ये मात्र स्विच या यंत्रासाठी ‘निंटेंडो लाबो’ या पुठ्ठ्याच्या खेळण्यांच्या मालिकेतला रोबोट संच आला, आणि या साऱ्या इतिहासातले सर्वांत हुशार उत्तर त्यात आहे असे म्हणायला हरकत नाही. पुठ्ठ्याचे भाग स्वतः घड्या घालून जोडायचे आणि तयार होणारे दप्तर पाठीवर घ्यायचे. दोन हात आणि दोन पाय यांना बांधलेल्या चार दोऱ्या त्या दप्तरातल्या वजनांपर्यंत जातात. ठोसा मारला की दोरी ताणली जाते आणि आतले वजन वर सरकते. वजनांवर चकचकीत पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्या उजव्या जॉय-कॉनमधला, म्हणजे स्विचच्या छोट्या नियंत्रकातला, अवरक्त कॅमेरा पाहतो. डावा जॉय-कॉन कपाळावरच्या मुखवट्यात बसून डोक्याचा कल सांगतो. मुखवटा डोळ्यांवर ओढला की दृश्य रोबोटच्या नजरेतून दिसू लागते, खाली वाकले की रोबोटचा रणगाडा होतो, हात पसरले की तो उडतो. ठोशागणिक हाताला जाणवणारी दोरीची ओढ थोडीशीच, पण हवेतल्या हालचालीला जे मिळत नव्हते ते तिने दिले.

आभासी वास्तवाच्या चष्म्यांनी दोन्ही तऱ्हा पुन्हा पुढे आणल्या. ‘व्हॉक्स मशीने’ या खेळात खेळाडू हातातल्या नियंत्रकांनी कॉकपिटमधले आभासी दांडे पकडतो. मान वळवून बाजूला पाहता येते आणि पकड घट्ट केल्याशिवाय दांडा हलत नाही, त्यामुळे किनेक्टचा गोंधळ येथे टळतो. वन हम्सा या स्टुडिओच्या ‘अंडरडॉग्स’ (2024) मध्ये यंत्राचे लोखंडी हात खेळाडूच्या हातांमागून येतात, पण थोडे मागे रेंगाळत, आणि एकदा वेगात आले की सहज थांबत नाहीत. त्यामुळे नवखा खेळाडू झटपट, छोटे ठोसे मारतो आणि त्यांत जोर येत नाही. सरावलेला खेळाडू खांद्यापासून हात मागे घेतो, लोखंडी मूठ आपल्या मुठीपर्यंत पोचेपर्यंत थांबतो आणि मगच घाव घालतो.