दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर उशिरा चिघळणारी जखम : पार्श्वभूमी

पित्ताशयाचे किंवा हर्नियाचे दुर्बिणीने ऑपरेशन होते, टाके निघतात, रुग्ण शेतीच्या कामाला लागतो आणि तीन-चार आठवड्यांनी बेंबीजवळच्या छिद्रापाशी गाठ येऊन पातळ, पाण्यासारखा पू वाहू लागतो. तो तपासला की अहवाल बहुधा ‘वाढ नाही’ असाच येतो, नेहमीची प्रतिजैविके लागू पडत नाहीत, आणि दोष मात्र रुग्णाच्या पथ्याला दिला जातो, जो अन्यायच आहे.

अशा जखमेमागे अनेकदा क्षयाच्या जिवाणूच्याच कुळातले, पण क्षय न करणारे मायकोबॅक्टेरियम जिवाणू असतात. कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जिवाणू शोधला आणि त्याचे भाऊबंद पुढे कित्येक दशके त्याच्याच सावलीत राहिले. फ्रीडमान यांना १९०३ मध्ये समुद्री कासवाच्या फुप्फुसात मायकोबॅक्टेरियम किलोनी सापडला. १९३८ मध्ये ब्राझीलमध्ये इंजेक्शननंतर झालेल्या गळवातून याच कुळातला फॉर्च्युइटम वेगळा काढला गेला, तर ॲब्सेससची नोंद १९५३ मधली. हे जिवाणू माती-पाण्यात, नळांत आणि टाक्यांत राहतात आणि क्लोरीनलाही सहजासहजी दाद देत नाहीत.

मुंबईत १९९० मध्ये डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले आणि ही पद्धत हळूहळू जिल्ह्या-तालुक्यांपर्यंत पोहोचली. तिची नाजूक उपकरणे उकळत्या वाफेत टिकत नसत, म्हणून ती ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशक द्रवात बुडवण्याचा प्रघात पडला. उपकरणाच्या सांध्यात मांसाचा कण अडकलेला असेल, तर वीस मिनिटांचे बुडवणे अपुरे पडते. त्यावर निर्जंतुक नसलेल्या पाण्याने उपकरण धुतले की केलेले सगळे वाया जाते. खान्देशातील ज्या गावांत नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि ते टाकीत साठवून पुरवावे लागते, तिथे हा मुद्दा अधिकच गंभीर ठरतो.

निदान चुकते ते दोन ठिकाणी. पुवाची साधी कल्चर-प्लेट (जंतू वाढवून पाहण्याची बशी) अठ्ठेचाळीस तासांत टाकून देतात, आणि या जिवाणूंना दिसण्याइतके वाढायला तीन ते सात दिवस लागतात. झील-नीलसन रंगवणीत (क्षयाच्या कुळातले जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली लाल दिसावेत म्हणून केलेल्या) लाल काड्या दिसल्या, तर लगेच क्षय समजून त्याचे उपचार सुरू होतात. पण क्षयाच्या नेहमीच्या गोळ्यांचा यांच्यावर फारसा परिणाम होत नाही, त्यांना क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिन यांसारखी औषधे काही महिने द्यावी लागतात. क्षयाच्या निदानासाठी वापरले जाणारे सीबीनॅट यंत्र केवळ क्षयाच्या जिवाणूचाच जनुक शोधते. म्हणून काड्या दिसूनही सीबीनॅट निगेटिव्ह आले, तर संशय याच जिवाणूंवर घ्यायला हवा. नमुन्यासोबतच्या कागदावर ‘दुर्बिणीचे ऑपरेशन झालेले आहे, कल्चर दोन आठवडे ठेवावे’ एवढे शल्यचिकित्सकाने लिहिले, तरी प्रयोगशाळेला शोध कोणत्या दिशेने घ्यायचा ते कळते.