संक्षेप आणि रूपांतर: हॅरी पॉटरच्या पटकथेत कापलं किती, हलवलं किती

ठाण्यातल्या कॉलेजांत एकांकिकांचे दिवस आले की कुणीतरी एखादी गाजलेली कथा उचलतं, आणि पहिल्या वाचनाला जे समोर येतं तो बहुतेक वेळा त्या कथेचा संक्षेप असतो. प्रसंग तेच, क्रम तोच, वर्णन होतं तिथे निवेदक. लिहिणारा त्याला रूपांतर म्हणतो. सिनेमा बघून आलेले वाचक नेमका उलटा घोळ घालतात: पटकथाकाराने काहीही केलं तरी त्यांच्या लेखी त्याने पुस्तक 'कापलं'. दोन्ही कामांत मजकूर कमी होतो, त्यामुळे गल्लत साहजिक आहे.

संक्षेपाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लेखकाचा आवाज आणि घटनांचा क्रम राखून पानं कमी करायची. ठाण्याहून सीएसएमटीला जाणारी फास्ट लोकल तशी: वाट तीच, थांबे कमी.

रूपांतराचा हिशेब मात्र पानांत बसत नाही. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक मूळ ब्रिटिश आवृत्तीत २२३ पानांचं, आणि २००१चा सिनेमा १५२ मिनिटांचा. पाचवं पुस्तक ७६६ पानांचं, मालिकेतलं सर्वात जाडजूड. त्याचा २००७चा सिनेमा १३८ मिनिटांचा. पुस्तक जवळजवळ साडेतीन पट, सिनेमा उलट चौदा मिनिटांनी आखूड. नुसती कात्री चालवून हे जमत नाही. आठ सिनेमांपैकी सात स्टीव्ह क्लोव्ह्ज यांनी लिहिले. हा पाचवा तेवढा मायकेल गोल्डनबर्ग यांचा. पुस्तकात सरकारने शाळेवर लादलेल्या अम्ब्रिजबाईंचे फतवे छापील नोटिसा म्हणून एकामागून एक येतात. सिनेमात शाळेचा रखवालदार फिल्च उंच शिडीवर चढून त्यांच्या फ्रेमा ठोकत राहतो आणि भिंत भरत जाते. एक शब्द न बोलता शाळेचं काय झालंय ते कळतं. पुस्तकातला प्रसंग त्यात जसाच्या तसा नाही, तरी पुस्तकाचा तो सगळा भाग आहे.

माझ्या मते खरी कारागिरी बघायची तर चौथा सिनेमा घ्यावा. जादूगारांच्या स्पर्धेच्या दुसऱ्या टप्प्यात हॅरीला पाण्याखाली श्वास घ्यायचा आहे. पुस्तकात डॉबी हा जादुई घरगडी त्याला ऐन वेळी गिलीवीड, म्हणजे तसा श्वास घेऊ देणारी पाणवनस्पती, आणून देतो. २००५च्या त्या सिनेमात डॉबी नाहीच. गिलीवीड देतो हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल. वरवर पाहता एक पात्र वगळलं, त्याचं काम दुसऱ्याला दिलं, संपलं. पण पुस्तक नीट आठवा. मूडी मास्तरांचं सोंग घेतलेल्या तोतयाने नेव्हिलला पाणवनस्पतींचं पुस्तक दिलेलं असतं ते याच हिशेबाने, की हॅरी कधीतरी नेव्हिलला विचारेल. हॅरी विचारत नाही, म्हणून मग डॉबीच्या कानावर ती गोष्ट घालावी लागते. म्हणजे मूळ लेखिका रोलिंगबाईंनी ही वाट आखून मुद्दाम बंद केली होती, क्लोव्ह्जनी ती उघडली. बाहेरून काही आणलं नाही.

पुढच्या सिनेमात लेखक बदलला, तरी तीच चाल दिसते. सरावाची गुप्त खोली पुस्तकात डॉबी सांगतो, सिनेमात ती नेव्हिलला सापडते. एका बाजूने हे फायद्याचं: बावळट समजला जाणारा मुलगा शेवटी खलनायकाच्या नागिणीचा वध करतो, ते एकदम पटतं. दुसऱ्या बाजूला डॉबी २००२नंतर गायब झाला तो थेट २०१० साली परतला, आणि त्याच सिनेमात मेला. मधल्या आठ वर्षांची ओळख पुस्तक वाचणाऱ्याकडे होती, फक्त सिनेमा बघणाऱ्याकडे नव्हती. हलवाहलवीची किंमत अशी उशिरा चुकवावी लागते.

मालिका अपुरी असताना तर ही किंमत आधी मोजताही येत नाही. पाचवा सिनेमा आणि सातवं पुस्तक एकाच महिन्यात, जुलै २००७मध्ये आले. पटकथा अर्थातच त्याआधीची. तिच्यातून क्रीचर हा घरगडी वगळायचं घाटत होतं. त्याला ठेवा, नाहीतर पुढे अडाल, असं रोलिंगबाईंनी सुचवलं. सातव्या पुस्तकात खलनायकाच्या आत्म्याचा तुकडा दडलेल्या लॉकेटचा माग क्रीचरकडूनच लागतो. पूर्ण झालेल्या पुस्तकाचा संक्षेप करणाऱ्यावर ही पाळी येत नाही. शेवट त्याच्या हातात असतो.

आणखी एक फरक, यावर चाहते अजून भांडतात. तिसऱ्या पुस्तकात 'हॅरीला मारायचं तर आधी आम्हाला मारा' अशा अर्थाचं वाक्य मोडक्या पायावर उभा राहून हॅरीचा मित्र रॉन म्हणतो. सिनेमात ते दोघांची मैत्रीण हर्मायनी हिच्या तोंडी गेलं. हर्मायनी आपलं सर्वात आवडतं पात्र, हे क्लोव्ह्ज उघड सांगत आले आहेत. या बदलाने वेळ वाचला का? एक सेकंदही नाही. फक्त रॉन थोडा हलका झाला. मला हा बदल पटत नाही, पण त्यावर 'कापलं' हा आरोप लागू पडत नाही हेही खरं.

(२०१७चा मराठी 'फास्टर फेणे' या दोन्हींत बसत नाही. तिथे भा. रा. भागवतांचा बन्या उचलला आणि त्याला नवी गोष्ट दिली.)

एकांकिकावाल्यांनी स्वतःचा कागद तपासायची सोपी पद्धत: निवेदकाची सगळी वाक्यं खोडा. उरलेलं रंगमंचावर समजत असेल, तर रूपांतर झालंय.

एचबीओच्या मालक कंपनीने २०२३मध्ये हॅरी पॉटरची नवी मालिका जाहीर केली, साधारण एका पुस्तकाला एक सीझन अशा आखणीने. म्हणजे संक्षेपाची गरज बरीचशी संपली. हॅरीच्या डोक्यात चाललेलं कॅमेऱ्याला दाखवायचं काम मात्र तेवढंच शिल्लक आहे, आणि आता वेळ नव्हता ही सबबही चालणार नाही. मी त्यात आधी हेच बघणार आहे, की गिलीवीड कोण आणून देतं.